घातांक शून्य, ठराव एकमताने

ठोंबरे बाईंना कोणी काहीही सांगितलं, की त्या विचारत, "कशावरून?" मुख्याध्यापकांनी "आज गुरुवार" म्हटलं तरीही. कळंबच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवत, मी मराठी. बाई पोशीरच्या शेतकरी घरातल्या. बोलणं त्यांनी गावचंच ठेवलं होतं. "भाषा गावची चालते रं, गणित गावापुरतं नसतं," असं वर्गाला बजावत.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. त्यांची नात सई नववीत होती. चाचणीत तिनं पाचचा शून्यावा घात शून्य लिहिला आणि बाईंनी त्यावर काट मारली. आबासाहेबांचं गावाबाहेर रिसॉर्ट आहे. तिथं त्यांना चूक म्हणणारं कोणी नाही. त्यांनी तातडीची सभा बोलावली. ठरावातले ऱ्हस्व-दीर्घ तपासायला मला बसवलं.

"पाच शून्य वेळा घेतला," आबासाहेब भजी उचलत म्हणाले, "म्हंजे घेतलाच नाय. मग एक आला कुठनं?"

"एकेक घात उतरू या," बाई म्हणाल्या. "पाचचा तिसरा घात एकशे पंचवीस. दुसरा पंचवीस. पहिला पाच. दर पायरीला पाचनं भागतोय. आता अजून एक पायरी उतरा. पाच भागिले पाच?"

"एक," आबासाहेब बोलून गेले. मग आपण अध्यक्ष असल्याचं त्यांना आठवलं. "पन ते तुमी भागायला लावलं म्हनून!"

सचिवांनी सुवर्णमध्य काढला : या शाळेपुरती शून्य आणि एक ही दोन्ही उत्तरं ग्राह्य. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

"ठराव तुमचा," बाई उठत म्हणाल्या, "फळ्यावर मी एकच लिहिणार."

पुढच्या आठवड्यात 'विद्यार्थिहितास्तव' त्यांची लोधिवलीच्या शाखेत बदली झाली. निरोपाला शाल-श्रीफळ दिलं. आबासाहेबांनी भाषणात बाईंच्या तत्त्वनिष्ठेचं तोंड भरून कौतुक केलं. मी बाईंना स्टँडवर सोडायला गेलो. "पोरांची चूक खोडता येते, सर," त्या म्हणाल्या. "चुकीवर शिक्का बसला की कोन खोडनार?"

परवा रविवारी बाईंना भेटायला मी लोधिवलीला गेलो. दाराशी आबासाहेबांची गाडी उभी होती आणि ते आत बसून पेपर वाचत होते. ओसरीवर बाई सईला शिकवत होत्या. मला पाहून आबासाहेबांनी काच खाली केली. मी काही विचारण्याआधीच म्हणाले,

"औंदा दहावी हाय तिची. बोर्डाला आपला ठराव कुठं माहीत?"