हाडांतली जाळी

आई-बाबा वीटभट्टीवर असायचे आणि घर ताईवर. तिचा हात तीनदा मोडला. दरवेळी हाडवैद्याने कामट्या बांधल्या आणि आईने बोल लावले, "डोळे कुठं ठेवून चालतेस गं?"

आज दवाखान्याच्या खिडकीशी मी तिचा एक्स-रे उजेडात धरला. हाडभर गोल पोकळ्या. ताई म्हणाली, "अनरशासारखी जाळी पडलीय की!" अनरशाच्या जाळीचं आपण कौतुक करतो, हिच्या जाळीला आम्ही धांदरटपणा म्हटलं.

घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. रिपोर्टवरचं लांबलचक इंग्रजी नाव मीच वाचून उलगडून सांगितलं: हाडांत आणि प्लीहेत पाण्याच्या गाठी होतात, असा हा दुर्मीळ आजार.

"म्हणजे पोरीची चूक नव्हती?" ताईशेजारी बाकावर बसलेल्या आईने विचारलं.

"कधीच नव्हती."

आईने ताईचा हात मांडीवर घेतला. आजार बरा होईल, असं डॉक्टर म्हणत नाहीत. त्याचं नाव तेवढं आम्ही मिळवलं.