पाणी मारू का माती टाकू

हरिभाऊ कर्जतच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या दारात पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा होता. टँकरच्या पाठीवरचं रसायनाचं इंग्रजी नाव त्यावर एकेक अक्षर बघून उतरवलेलं. चप्पल बाहेर काढत म्हणाले, “बाई, माझी सुनंदा तुमच्याकडं शिकून गेली. येवढंच सांगा, हे रस्त्यात सांडलं तर पाणी मारू का माती टाकू?”

लोधिवलीचे हरिभाऊ तीस वर्षं टँकरनं खालापूरच्या कारखान्यांची रसायनं वाहत होते. मी तेव्हा फावल्या वेळात एका ऑनलाइन मराठी ज्ञानकोशात लिहायची. रसायनाच्या प्रत्येक पानाच्या कडेला माहितीची एक चौकट असते, तिचा नवा साचा करत होते. कौतुकानं मी ती त्यांना फोनवर दाखवली: रेणुसूत्र, रेणुभार, घनता, उत्कलनबिंदू. हात लांब करून त्यांनी सगळं वाचलं. “झ्याक हाय. पण बाई, उकळायचंय कुणाला?”

मग ते दर पंधरवड्याला येऊ लागले. मी चौकट पुढे करायची, त्यांनी मोठ्यानं वाचायची आणि ते अडखळतील ती ओळ मी बदलायची. ‘संक्षारक’ला ते थांबले. “ह्यो कोण?”

“कातडी जाळणारं.”

“मग तसंच लिवा की! जळल्यावर समजून काय उपेग?”

अक्षरं मोठी झाली, कारण “ड्रायवरचा चष्मा नेमका घरी असतो.” आणि सगळ्यांत वर त्यांच्या हट्टानं एक ओळ आली, ‘सांडल्यास’. मी एकदा म्हटलं, पाठच करून टाका ना. ते हसले. “कुणाला पाणी, कुणाला माती. घाबरल्यावर डोक्यात काय ऱ्हातं? म्हणून तर लिवायचं.”

साचा चर्चेला ठेवला तेव्हा इतर संपादकांनी त्याची स्तुती केली. फक्त त्या एका ओळीला हरकत आली. ज्ञानकोश माहिती देतो, सल्ला देत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला भांडता आलं असतं. पण साचा सगळ्या पानांवर लागावा, ही मला घाई होती. मी ओळ काढली. चौकट पुरी झाल्यावर हरिभाऊंच्या फेऱ्या थांबल्या होत्या; त्यांना सांगू म्हटलं, आणि परीक्षांच्या गडबडीत राहून गेलं.

दोन महिन्यांनी भर दुपारी चौक गावाजवळ एका टेंपोतून सल्फ्युरिक ॲसिडचे कॅन रस्त्यावर पडून फुटले. मागून येणारे हरिभाऊ मदतीला उतरले. लोक पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले होते. त्यांनी सगळ्यांना थोपवलं, फोन काढला, पान उघडलं. ‘सांडल्यास’ची ओळ वर-खाली शोधली. लोक ओरडायला लागले, तेव्हा त्यांनीच एक बादली उचलून ओतली. ॲसिड उसळलं ते थेट तोंडावर. उजवा डोळा गेला, आणि त्याबरोबर गाडीही सुटली.

दवाखान्यात मी गेले, तर तेच मला समजावू लागले. “माझंच चुकलं, बाई. चष्मा नव्हता. ओळ समोर असून मला दिसली नाय. हाय ना ती?”

“आहे,” मी म्हणाले.

घरी आल्याबरोबर मी ती ओळ परत घातली, आणि या वेळी सगळ्यांशी भांडले. पुढं वर्षभर हरिभाऊ हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसून ड्रायवरांना ती चौकट दाखवत राहिले. “आमच्या बाईंनी केलीय. माझ्यासारखं करू नका रं, नीट वाचा.” हे मला येणारेजाणारे सांगत. त्या टपरीवरून जाणं मी टाळू लागले.

हृदयविकाराच्या झटक्यानं ते अचानक गेले. दहाव्यानंतर मी लोधिवलीला गेले आणि सुनंदाला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती सुपातले तांदूळ निवडत ऐकत होती. रागावेल, रडेल, असं वाटत होतं.

“तुम्ही सांगितलं असतं, तर बाबा हसले असते, बाई,” ती म्हणाली. “‘असू दे, बाईंच्या पण हातनं चुकतं,’ म्हणाले असते. पण जाईपर्यंत रोज मला सांगायचे, ‘डोळा ॲसिडनं नाय गेला गं, मी आधीपासनंच आंधळा होतो.’ तेवढं तरी त्यांच्या मनातनं काढायचं होतंत.”