फुटकेबुवा आणि आईचा हंडा

फुटकेबुवांनी चौलात आल्यापासून जिवंत माणसाचा फोटो काढला नाही. कॅमेरा होता, फोटो उतरवायच्या काचा होत्या, काळं फडकं होतं, पण समोर माणूस येऊन उभा राहिला की म्हणायचे, "बाजूला व्हा, उजेड अडतोय." तीस-बत्तीस सालची गोष्ट सांगतो आहे. तेव्हा फोटो म्हणजे लग्न झाल्यावर अलिबागला जाऊन जन्मात एकदा काढून घ्यायची गोष्ट. आणि हा गृहस्थ फुटका लोटा, झिजलेली विळी, कडी तुटलेला कंदील असल्या वस्तूंपुढे अख्खी सकाळ घालवायचा. खरं नाव काहीतरी होतं. गावाने फुटकेबुवा म्हटलं आणि ते 'ओ' देऊ लागले.

आधी मुंबईत एका स्टुडिओत होते. मागे पडद्यावर रंगवलेला महाल, पुढे खुर्ची. गिरणीतला माणूस यायचा, स्टुडिओचा कोट अंगात घालून बसायचा, जाताना कोट खुंटीला टांगून जायचा. "एकच कोट रे पांडू," ते मला सांगायचे, "किती जणांच्या अंगावर बघितला मी. शेवटी वाटलं, कोटाचाच फोटो काढावा. तो तरी खरा होता." तेवढ्यावरून नोकरी सोडली म्हणे. मला हे पटलं. मीही तिसरीत मास्तरांशी भांडून शाळा सोडली ती सोडलीच.

आमची सुपारीची वाडी. विहिरीवर रहाट, रहाटाला रेडा. रहाटाच्या माळेतला एक मातीचा लोटा काठाला फुटला, तो मी फेकणार तोच बुवांनी हात धरला. "याला दोरी कुठे घासायची?" मी दाखवलं. ती बाजू त्यांनी दाराकडे केली. दाराची एक फळी लावली, दुसरी उघडी ठेवून तिथे भिजवून पिळलेलं पांढरं धोतर सोडलं. पलीकडून सूप धरलं, त्या सुपाला चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद चिकटवलेला. लोटा नुसता ठेवायचे नाहीत, जावयाला पाटावर बसवावं तसा बसवायचे. "उभ्या उन्हात नवा लोटा नि जुना लोटा सारखाच. उजेड आडवा आला पाहिजे." अर्धा लोटा काळोखात गेला तसा मी म्हणालो, "दिसत नाही की." तर म्हणाले, "बघणाऱ्यालाही थोडं काम राहू दे."

मग भिंगावरचं टोपण काढायचे, हातात धरून तिथेच खांबासारखे उभे राहायचे आणि तोंडाने अंक मोजायचे. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही. जमीन सारवलेली, कोंबडी चालली तरी कॅमेरा हलतो म्हणायचे. मी म्हटलं, "बुवा, कोंबडी आहे ती, हत्ती नाही." "तू बोललास त्याने हलला," म्हणाले, आणि काच बाजूला ठेवली. ती फुकट गेली.

ते राहायचे अण्णाशेटच्या वाडीतल्या खोपीत. अण्णाशेट म्हणजे गावकीचे पुढारी, त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे. एक दिवस ते जरीची टोपी, घड्याळाची साखळी आणि चांदीच्या मुठीची काठी घेऊन खोपीत आले. मी तिथेच होतो.

"हं, काढा," अण्णाशेट म्हणाले.

"काय काढू?"

"काय म्हंजे? माझा फोटो!"

बुवांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काठी चांगली आहे. मूठ मस्त झिजलीय. ती ठेवा इथे, तुम्ही गेलात तरी चालेल."

मी हसलो. हसायला नको होतं असं लोक म्हणतात. मला अजून तसं वाटत नाही. संध्याकाळी बुवांची पेटी, काचा, तिपाई सगळं रस्त्यावर. आणि गावकीचा हुकूम, की या माणसाला जो जागा देईल तो वाळीत.

माझी आई विधवा, वाडी तिच्याच जिवावर चालायची. बुवा तिला मुळीच आवडत नसत. "मडक्यान्ला मुजरा करनारा मानूस," म्हणायची. पण हुकूम ऐकला आणि ती उठली. "माझ्या पडवीत कोनी ऱ्हावा ते अन्नाशेट ठरवनार? पांडू, गाडी जुंप."

वाळीत पडलो. सुपारी सोलायला कुणी येईना. आई, मी आणि बुवा सोलत बसायचो; काचा धुवायच्या औषधाने काळी पडलेली त्यांची बोटं सुपारीने आणखी काळी झाली. होळीला आमचा नारळ घेतला नाही, वाटेतूनच परत पाठवला. आईने अंगणात झावळ्या रचल्या, आपली होळी पेटवली, तोच नारळ तिच्यात टाकला आणि बोंब एवढी मोठ्याने मारली की देवळापर्यंत ऐकू गेली.

त्या रात्री बुवा जेवले नाहीत. सकाळी बघतो तर तिपाई खांद्यावर घेऊन निघालेले. म्हणाले, "अण्णाशेटकडे जातो. एक फोटो काढला की तुम्ही सुटाल."

आई उंबऱ्यात उभी राहिली. "बसा खाली."

"अहो, माझ्या हट्टापायी तुम्ही..."

"तुमचा हट्ट कवाच सपला. आता ह्यो माझा हाय. येवडा सोसला त्यो तुमी जाऊन त्याच्या मिशांचा फोटू काढावा म्हनून? बसा!"

बुवा बसले. त्यांना बसवणारं माणूस मी ते एकच पाहिलं.

पण दोघांचं पटलं असं समजू नका. मुंबईच्या एका प्रदर्शनाला बुवा फोटो पाठवणार होते आणि त्यासाठी त्यांनी आमचा पाणी तापवायचा तांब्याचा हंडा हेरला. पोचे आलेला, बाहेरून काजळीने काळाकुट्ट. "उद्या सकाळी उजेड चांगला मिळेल," म्हणून ते झोपायला गेले. सकाळी येऊन बघतात तर पाटावर हंडा लखलखतोय. आईने पहाटे उठून चिंच, राख आणि नारळाचा काथ्या घेऊन त्याची चामडी सोलून काढली होती.

"हे काय केलंत?" बुवा ओरडले. "सगळी काजळी घालवलीत! त्या काजळीसाठी तर..."

"काला हंडा म्हंजे घरातली बाय आळशी. माझी आब्रू मुंबईला टांगायची हाय का?"

"मग मी काढत नाही."

"नका काढू. न्हाय काढलात तर पडवीत काचा धुवायला पानी न्हाय."

काढला. रागारागाने धोतर लावलं, टोपण काढलं, मोजत उभे राहिले. आई बाजूला कमरेवर हात ठेवून उभी, पुन्हा काही उलटसुलट होऊ नये म्हणून पहारा. काच धुऊन वाळली तशी बुवांनी ती उजेडाला धरली आणि तोंड वाकडं केलं. "बिघडली. माणूस शिरला आत."

"कोन मानूस?"

"मी."

हंडा आरशासारखा झाला होता. त्याच्या पोटात पांढरं दार, दारापुढे वाकलेले बुवा, हातात टोपण. बुवांनी काच आपटायला हात उचलला. आईने मनगट धरलं. "हंडा माझा, काच बी माझी. फोडायची न्हाय." आणि मग ती हसायला लागली. "साऱ्या गावाला न्हाय म्हनलंत बुवा, हंड्याने धरलाच तुमाला!"

ती काच मुंबईला गेलीच नाही, आमच्या घरात राहिली. पुढे वाळीत टाकणं आपोआप सैल पडलं. अण्णाशेटची बायकोच एक दिवस मागच्या दाराने आली, पदराखाली आपल्या आईची फणी-कुंकवाची जुनी फणेरपेटी घेऊन. "ह्यांना सांगू नका," एवढंच म्हणाली. बुवांनी पेटी अशी बसवली की ती बाई रडली. दुसऱ्या होळीला आमचा नारळ गावाने न बोलता घेतला.

काही वर्षांनी बुवा खाडीपलीकडे तळे गावाला गेले. तिथे एका घरात धान्य मापायच्या जुन्या लाकडी पायल्या आणि शेर आहेत असं कुणी सांगितलं होतं. रेवदंड्याला मीच होडीत बसवून दिलं. "चांगला उजेड मिळाला तर राहीन, नाहीतर आलोच," म्हणाले. हिवतापाने तिकडेच गेले. तिपाई परत आली, बुवा नाही.

अलीकडे गावातल्या पोरांनी ठरवलं की शाळेत गावच्या मोठ्या माणसांच्या तसबिरी लावायच्या. अण्णाशेटची आली. अलिबागला काढलेली, मागे महाल आणि कारंजं. चौलात कुणी कारंजं पाहिलंय? मला म्हणाले, फुटकेबुवांचा फोटो द्या. मी तोच काचेवरून उतरवून आणून दिला. पोरं म्हणाली, "आजोबा, हा हंडा आहे."

"जवळ जाऊन बघा."

"बारीक दिसतंय. आपण चित्रकाराकडून चेहरा काढून घेऊ ना."

मी फोटो काखेत मारला आणि घरी आलो. त्या माणसाला कुणाचा तरी चेहरा चिकटवून महालापुढे बसवणार होते! माझ्या भिंतीवर आहे तो. आल्यागेल्याला मी नाक काचेला टेकायला लावतो. बुवा दिसतात, टोपण दिसतं, आणि नीट पाहिलं तर कडेला कमरेवर हात ठेवलेली आईसुद्धा दिसते. तिचा दुसरा फोटो कुणी काढलेलाच नाही.

हंडा अजून चुलीवर आहे, काळाकुट्ट. फोटोत आईच्या मनासारखा लखलखतोय, तेवढं पुरे. घरात तो बुवांच्या मनासारखा राहील. सुना म्हणतात, मामंजी, लोक काय म्हणतील, एकदा घासू द्या. मी जिवंत आहे तोवर त्याला चिंच लागणार नाही.