बटा लागतोच

"बटा लागतोच," असं म्हणून काका हवेत बोटाने एक तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, ओढायचे. दिल्लीकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे घराचा नंबरही बट्याशिवाय पुरा होत नाही. काकांचा तर उभा जन्म केंद्र सरकारच्या फायलींत गेलेला. बटा नसलेली फाईल म्हणजे त्यांना आडनाव नसलेला माणूस वाटायचा.

निवृत्त झाल्यावर ते आमच्या मराठी मंडळाचे फोटो आणि रेकॉर्डिंग सांभाळू लागले. मुलीने घेऊन दिलेला मोठा कॉम्प्युटर नोएडाच्या घरात देव्हाऱ्याशेजारी विराजमान होता. त्यावर प्रत्येक फोल्डरला सरकारी थाटाचं नाव, मंडळ/सण/संक्रांत असं. कुणाला फोल्डर द्यायचं तर आधी ते झिप करायचे. "फीत बांधल्याशिवाय फाईल टेबलावरून हलत नाही, बिल्कुल नाही," असं वर ऐकवायचे. मंडळाचा लॅपटॉप माझ्याकडे असल्याने हे प्रवचन मला पाठ होतं.

मग काकूंना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. मंडळाच्या हळदीकुंकवात पहिला उखाणा कायम काकूंचा, तो मान कधी कुणी मागितलाही नाही. काका म्हणाले, यंदाही पहिला उखाणा तिचाच, आपल्याकडे रेकॉर्डिंग आहे. आदल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. काकांनी फीत बांधली, मी लॅपटॉपवर सोडली, तर आत काहीच नाही. पुन्हा बांधली, पुन्हा रिकामं. मागे खुर्चीत काकू आमच्याकडे टक लावून बसल्या होत्या. काकांचा चेहरा पार उतरला.

घोळ बट्याचा होता. त्यांच्या कॉम्प्युटरला नावातली तिरकी रेघ चालायची, आमच्या लॅपटॉपला चालत नव्हती. तसल्या नावाचं काही तो दाखवायचाच नाही. बटा काढून डॅश टाका, मी म्हटलं. काका ऐकतील तर शपथ. एकदा दिलेला क्रमांक बदलायला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि मंडळात असा अधिकारी नाही, असं त्यांनी मला गंभीरपणे समजावलं.

"अधिकारी तुमच्या मागे बसल्यात, काका."

काका वळले. काकूंनी धड असलेला डावा हात उचलला आणि हवेत एक आडवी रेघ ओढली.

"चलो," काका म्हणाले, "मंजुरी आली."

दुसऱ्या दिवशी काकूंचा आवाज हॉलभर खणखणला. उखाण्यात नाव आलं तेव्हा मागे तिळगुळाचं ताट धरून उभे असलेले काका कानापर्यंत लाल झाले. बायकांनी त्यांना पुढे बरेच दिवस चिडवलं.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. त्यांचा पेनड्राइव्ह मुलीने माझ्या हाती दिला. बघते तर प्रत्येक फोल्डरच्या नावात डॅश, एकही बटा शिल्लक नाही. माझ्यासाठी त्यांनी जन्माची सवय मोडली होती. मला रडू आवरेना.

या संक्रांतीला काकूंना हळदीकुंकवाला मीच घेऊन आले. दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, आता तो उखाणा लावणं बरं दिसेल का. त्यांच्याशी वाद घालत बसले नाही. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी डावा हात उचलला आणि हवेत आडवी रेघ ओढली.

फोल्डर पहिल्या फटक्यात उघडलं. काकूंनी घेतलेलं काकांचं नाव हॉलभर ऐकू आलं. सगळ्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं. तिळगुळाचं ताट टेबलावर ठेवलेलं होतं.