आईला मालिका सांगताना

आमच्या घरात इंग्रजी मालिका शिरली ती माझ्या मुलीमुळे. ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात, रुग्णालयात काम करते. रविवारच्या फोनवर आम्हा दोघांकडे बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. तेव्हा एकदा ती म्हणाली, "अप्पा, ही मालिका बघा. मी राहते तसलीच गल्ली आहे त्यात."

मी बघायला बसलो तो गल्लीसाठीच. एकमेकींना चिकटून उभी असलेली लाल विटांची घरं, मागच्या अंगणात दोरीवर घातलेले आणि कधीच न वाळणारे कपडे, छत्री न उघडता भिजत उभी राहणारी माणसं. पडद्यावर बसथांबा आला की मी तिथं माझ्या मुलीला उभी करून बघायचो.

तिसऱ्या दिवशी आई कॉफीचा पेला घेऊन शेजारी येऊन बसली. तिला इंग्रजी येत नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातले; बाहेर तमिळ आणि घरात मराठी, ती मराठीही अशी की पुण्याचे पाहुणे आले तर पोथी ऐकल्यासारखं ऐकतात. "सांग," ती म्हणाली. "कोण कोणाचा कोण, ते आधी सांग."

तेव्हापासून रोज चारला कॉफी झाली की आम्ही दोघं बसायचो. मी एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, आईला सांगायचं. अर्ध्या तासाच्या भागाला सव्वा तास लागायचा. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. गॅरेज चालवणारा बाप, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी आई, त्यांची तीन मोठी झालेली मुलं आणि वरच्या खोलीत म्हातारे आजोबा. भांडण झालं की कोणीतरी उठून चहाचं पाणी ठेवतं, आणि पाणी उकळेपर्यंत भांडणाचं काहीतरी दुसरंच झालेलं असतं.

"एवढा घोडा झाला, आईला विचारतो चहा करू का म्हणून," आई म्हणायची. "विचारतो काय? करून आण की!"

"तिथली पद्धत आहे, आई."

"कसली पद्धत! आणि त्या ताटात रोज रोज तो डब्यातला लाल घेवडा. मेल्यांना एक रसम करता येऊ नये?"

आमच्या तमिळ मालिकांत वाईट बाई दारात आली की ढोल वाजतात. इथं ढोल नव्हते. वाईट कोण ते कोणी सांगत नव्हतं. एकाच माणसावर हसू यायचं, पुढच्या क्षणी त्याचीच दया यायची, आणि कुठं हसायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आई माझ्यापेक्षा वेगळ्या जागी हसायची. मला ती मालिका का धरून ठेवत होती, ते मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नव्हतं. आज करतो. चूक केलेल्या माणसालाही त्या स्वयंपाकघरात बसायला खुर्ची मिळत होती.

माझी चूक इथं सांगायला हवी. माझी मुलगी तिसरीत असताना तिची आई गेली. पुढं तिला वाढवलं ते माझ्या आईवडिलांनी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि घरी आलो की वर्तमानपत्रामागे असायचो. तिला शाळेत सोडणं, स्वामीमलैच्या बसमध्ये बसवून ओतीव मूर्तींच्या कार्यशाळा दाखवायला नेणं, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं माझ्या वडिलांनी केलं. तीन वर्षांपूर्वी वडील आजारी पडले तेव्हा ती इंग्लंडात शिकत होती आणि तिची शेवटची परीक्षा बारा दिवसांवर होती. तिनं फोन केला. "अप्पा, मी तिकीट काढते." मी म्हणालो, "काढू नको. डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे. परीक्षा देऊन ये." तिनं दोनदा विचारलं, दोनदा रडली. मी दोनदा तेच म्हणालो. चौथ्या दिवशी वडील गेले.

आईनं विचारलं, "पोरगी का आली नाही?"

"परीक्षा आहे म्हणाली," मी सांगितलं.

बस, एवढंच. पुढं आईनं फोनवर तिलाच विचारलं, तेव्हा पोरीनं क्षणभर थांबून म्हटलं, "हो आजी, परीक्षा होती." तिनं मला वाचवलं आणि मी वाचलो. त्यानंतर रविवारी फोन वाजला की आईला नेमकी देवघरात वात लावायची असायची. मधे एकदा मुलगी दहा दिवस येऊन गेली. आईनं तिला पाहुण्यांना वाढतात तसं, विचारून विचारून वाढलं. पोरगी मान खाली घालून जेवली. मी समोर बसून जेवलो.

मालिकेचा दुसरा हंगाम अर्ध्यावर आला होता. त्या दिवशी वरच्या खोलीतले आजोबा पडले. दुसऱ्या शहरात असलेल्या धाकट्या मुलीला बाप फोन करतो आणि म्हणतो, काही विशेष नाही, तू येऊ नकोस. मी रिमोट हातात धरून बसलो होतो.

"काय म्हणतो तो?" आईनं विचारलं.

"बस उशिरा आहे म्हणतो."

आई पडद्याकडे बघत राहिली. पडद्यावरची मुलगी फोन धरून जिन्यात बसली होती.

"बस उशिरा आहे म्हणून ती रडते?"

मी रिमोटची बटणं चाचपत राहिलो.

आमच्या घरात हे जुनं आहे. इंग्रजी पत्र आलं की ज्याला वाचता येतं त्यानं ते बायकांना मराठीत वाचून दाखवायचं, आणि वाचताना कडू ते गाळायचं. माझ्या आजोबांनी तसं वाचलं, वडिलांनी वाचलं. बदलीचं पत्र, नापास झाल्याचं पत्र, सगळी आमच्या घरात गोड होऊनच पोचली. मीही त्यात तयार झालो होतो.

"तुझा बाप असंच गाळायचा," आई म्हणाली. "त्याला वाटायचं मला कळत नाही. मी कागदाकडे बघतच नव्हते रे, त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता तुझ्याकडे बघते आहे. सांग नीट."

मी सांगितलं. आधी पडद्यावरच्या बापानं काय म्हटलं ते, आणि मग न थांबता मी काय म्हटलं होतं ते. तिकीट, बारा दिवस, दोनदा रडली ते. आवाज फुटत होता, तरी सांगत गेलो. पेल्यात आईची कॉफी निवली.

तिनं पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "तीन वर्षं मी त्या लेकराला उपऱ्यासारखं वागवलं."

"माझ्यामुळे, आई."

"पोदुम," ती म्हणाली. पुरे. "रडायचं ते रविवारी, तिच्यासमोर रड. माझ्यासमोर रडून काय उपयोग?"

रविवारी फोन लागला. मुलीचा चेहरा आला, पाठीमागे तिची राखाडी खिडकी. मी म्हणालो, "मी आजीला सगळं सांगितलं. तुला मीच येऊ दिलं नव्हतं, ते. मला आधीच सांगायला हवं होतं." ती माझ्याकडे बघत राहिली. "अप्पा, कशाला आता..." एवढंच म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात आईनं माझ्या हातातून फोन घेतला, उलटा धरला, मी सरळ करून दिला.

"आजी?" पोरगी म्हणाली.

"हो, मीच. जेवलीस?"

"नाही अजून."

"मग ताट वाढून घे आणि समोर बस. तुझे आजोबा शेवटचे चार दिवस काय काय बोलले, ते मी कोणालाच सांगितलं नाही. वेळ लागेल." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तू जा आत. हिला मी माझ्या तोंडानं सांगते."

मी आत गेलो. दार लोटून घेतलं नाही. आई पहिल्या दिवसापासून सुरू करत होती: सकाळी त्यांनी इडली अर्धीच खाल्ली, आणि विचारलं, पोरीकडे आता किती वाजले असतील.