चौथ्या बाजूचा बीम

ड्रॉइंगमध्ये खालच्या पातळीवर चार बीम होते. समोर तीनच. मी टाकीभोवती पुन्हा एक फेरी मारली. तरी तीनच.

बोळिंजमधल्या एका सोसायटीची ही उंच टाकी, चार कॉलमवर उभी. भूकंपात ती टिकेल का हे तपासून सर्टिफिकेट द्यायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं होतं. टाकीला लागूनच वॉचमनची खोली. तो, बायको आणि दोन मुली तिथे राहत.

भरलेली टाकी म्हणजे बारीक पायांवरचं प्रचंड वजन. जमीन हलली की पाय वाकतात. म्हणून कॉलम आडव्या बीमनी एकमेकांना बांधतात, उंच स्टुलाच्या पायांमध्ये पट्ट्या असतात तसे. एक पट्टी काढून स्टुलावर बसून बघा.

"काका, या बाजूचा बीम कुठे आहे?" मी सेक्रेटरी सावंतकाकांना विचारलं.

"पहिल्यापासून असंच आहे. रविवारी मीटिंग आहे, सर्टिफिकेटचं बघा."

वॉचमनची बायको म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा होता वाटतं. की तो पलीकडच्या टाकीला होता?"

मी ऑफिसात कॉम्प्युटरवर हिशोब केला. बीम धरला तर टाकी पास, नाही धरला तर नापास. सरांना सांगितलं.

"ड्रॉइंगप्रमाणे पास आहे ना? मग सही कर."

"सर, भूकंप ड्रॉइंग बघून येत नाही."

"भाषण नको. उद्या रिपोर्ट हवा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सावंतकाकाही येऊन उभे राहिले. त्या बाजूच्या कॉलमवर हातोडीने ठोकलं, तर एका जागी प्लास्टर पोकळ वाजलं. ते फोडलं. आत कापलेल्या सळ्यांची टोकं होती. एवढ्यात मागून हॉर्न वाजला.

"बाजूला व्हा मॅडम, पानी आलंय!" टँकरवाल्या मोरेश्वरदादांनी त्याच मोकळ्या बाजूने गाडी रिव्हर्स घेतली, थेट उंच टाकीखाली जमिनीत असलेल्या टाकीच्या झाकणापर्यंत.

"दादा, बरोब्बर आत आणलीत!"

"आता येते. आधी बीम आडवा यायचा. सावंतसाहेबांनी उडवला, तेव्हापासून झंझट नाय."

मी काकांकडे पाहिलं. "पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे मी सेक्रेटरी झाल्यापासून." मग त्यांचा आवाज चढला. "नळाला पाणी दिवसाआड. टँकरचा पाईप रस्त्यावरून पुरायचा नाही. म्हातारी माणसं बादल्या घेऊन चार-चार मजले चढायची. ठराव केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही काय केलं असतं?"

चिडायचं तरी कुणावर? बीम कापणाऱ्या काकांवर, की पाण्यासाठी पाण्याच्याच टाकीचे पाय कमजोर करायची वेळ ज्यांनी आणली त्यांच्यावर? एक मात्र कळत होतं. खोलीच्या दारात दोन मुली वह्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या टाकीसाठी मी सही करणार नव्हते.

रिपोर्टमध्ये लिहिलं : बीम परत घाला, तोवर टाकी अर्धीच भरा, वॉचमनच्या कुटुंबाला सोसायटीच्या ऑफिसात हलवा. सरांनी तो दोन दिवस बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवशी येऊन कापलेल्या सळ्या पाहिल्या आणि रिपोर्टवर मुकाट सही केली.

रविवारच्या मीटिंगमध्ये नव्या बीमचा ठराव सावंतकाकांनीच मांडला. पुन्हा टाळ्या पडल्या, बहुतेक त्याच हातांनी. बीम झाला. टँकर आता रस्त्यावरच थांबतो. सोसायटीने लांब पाईप आणलाय. तो तेव्हाच का आणला नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

हल्ली कुठल्याही टाकीखाली गेले की ड्रॉइंग उघडायच्या आधी मी विचारते, "टँकर कुठे उभा राहतो?"