तात्यांची संमती

तात्या गेले त्या दिवशी आमच्या नळाने नियम तंतोतंत पाळला. नियम मी लिहिला होता.

वडील आणि दोन काका, घरं तीन, हौद एक, आणि सोलापुरात पाणी येतं चार-पाच दिवसांनी! पाळीवरून आई आणि धाकटी काकू अशा भांडायच्या की चौकातल्या रिक्षावाल्यांनाही पाळी कुणाची ते पाठ असायचं. म्हणून मी (घराण्यातला एकमेव कॉम्प्युटर शिकलेला दिवटा) पाळ्यांचा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट केला. म्हणजे करार कागदावर नाही, ब्लॉकचेनवर. त्याच्या प्रती असंख्य कॉम्प्युटरांवर, त्यामुळे कुणा एकाला खाडाखोड करता येत नाही. अट पुरी झाली की तो आपला आपण काम करतो. हौद भरला की ज्याची पाळी त्या भावाच्या मोबाइलवर विचारणा. त्याने गुप्त आकडा घालून 'होय' म्हटलं की त्याच्या घराचा व्हॉल्व्ह उघडणार. उत्तर नाही आलं तर पाळी पुढच्या घराला. आणि करार बदलायचा तर तिघा भावांची संमती हवी! थोरले काका, म्हणजे तात्या, सगळ्यांत आधी तयार झाले. "पोरगं हुशार हाय, करू दे की!"

त्यांना पोहोचवून आम्ही परतलो. अंघोळीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून सगळे अंगणात उभे. नेमकं तेव्हाच पाणी आलं. पाळी तात्यांचीच! त्यांचा मोबाइल आत वाजला, वाजत राहिला. आकडा फक्त त्यांनाच ठाऊक होता. थोड्या वेळाने पाळी धाकट्या काकांकडे गेली. त्यांनी आकडा घालून 'होय' म्हटलं आणि त्यांचा नळ सुरू झाला.

"आमचं पानी थोरल्या घराला सोड," धाकटे काका म्हणाले.

"तसं करारात नाही, काका."

"मग बदल की करार!"

"तिघांची संमती लागते."

"मी हाय, तुजा बाप हाय. अजून कोन पायजे?"

मी तात्यांच्या दाराकडे पाहिलं. काकांच्याही लक्षात आलं. सकाळपासून आवरून धरलेलं रडू मला तिथं फुटलं. (त्या असंख्य कॉम्प्युटरांपैकी एकही मदतीला आला नाही!)

"आमच्या नळाला येतंय न्हवं?" धाकटी काकू पदर खोचत म्हणाली. "मग बादल्या आना की! हुबं काय ऱ्हायलाय?"

पहिली बादली घेऊन धावली ती माझी आई.

सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. थोरल्या काकूने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "आता माज्या घरी पानी येनारच न्हाई व्हय रे?"

नियमाप्रमाणे मी 'नाही' म्हणणार होतो. तेवढ्यात आईने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून पाणी आलं की थोरल्या काकूचं पिंप मी बादलीने भरतो. हा करार तोंडी आहे, आणि तो बदलायला माझी संमती कुणी विचारत नाही!